पैसा आमच्या नावाचा, मग हिशोब कोणापुढे?



मार्च महिन्यात आपल्या भागात दोन गोष्टी एकाच वेळी होतात. जंगलात मोह पडतो आणि कचेरीत पैसा पडतो. मोह वेचायला आपण पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन निघतो. कोणत्या झाडाखाली कोणत्या घरानं वेचायचं हे गावात ठरलेलं असते, आणि कोणी किती वेचला ते सगळ्यांना अंगणात वाळत घातलेलं दिसते. कचेरीतला पैसा कोण वेचतो, कोणत्या अंगणात वाळतो, हे मात्र दिसत नाही. आपल्याला दिसते ती फक्त धावपळ. जीपा फिरतात, बिलं बनतात, फोटो निघतात, अंगठे घेतले जातात.

याचं कारण साधं आहे. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपते. तोपर्यंत पैसा खर्च झाला नाही तर तो परत जातो, आणि परत गेला तर वरचे साहेब खालच्या साहेबांना विचारतात, पैसा का खर्च केला नाही? म्हणून मार्चमध्ये सगळ्या कचेरीला एकच काळजी असते, खर्चाची. एप्रिलमध्ये मात्र कोणी विचारत नाही की खर्च झालेल्या पैशाचं गावात काय झालं. खर्च झाला म्हणजे काम झालं, असं कागदावर धरलं जाते. आमचं भांडण नेमकं इथंच आहे.

एटापल्ली आणि भामरागड हे दोन्ही तालुके एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पात येतात. ‘प्रकल्प’ हा शब्द आता म्हाताऱ्या बायासुद्धा बोलतात. आश्रमशाळा प्रकल्पाची, पंप प्रकल्पाचा, शिलाई मशीन प्रकल्पाची. पण प्रकल्प म्हणजे काय, त्याचा पैसा येतो कुठून, हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

हा पैसा उपकाराचा नाही

पाचव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे १९७४ च्या सुमारास, दिल्लीच्या सरकारनं आदिवासी उपयोजना काढली. जिथं आदिवासी जास्त आहेत तिथं प्रत्येक खात्यानं आपल्या पैशातला वाटा वेगळा काढावा आणि तो तिथंच खर्च करावा, असा त्याचा अर्थ. तो खर्च जागेवर बघायला प्रकल्प कचेऱ्या आल्या. १९८३ मध्ये महाराष्ट्रात आदिवासी विकास खातं वेगळं झालं. आयुक्त नाशिकला बसतात, अपर आयुक्त नागपूरला, मंत्री मुंबईला.

पण खूप वर्षं हा वाटा कागदावरचाच राहिला. प्रत्येक खातं आपल्या मोठ्या कामातला एक तुकडा ‘आदिवासींसाठी’ म्हणून दाखवत असे आणि मोकळं होत असे. हे बघायला सरकारनंच सुकथनकर समिती नेमली. लोकसंख्येत आदिवासी जेवढे आहेत तेवढा वाटा योजनेच्या पैशातून बाजूला काढावा आणि तो आदिवासी विकास खात्याच्या हाती द्यावा, असं या समितीनं १९९२ मध्ये सांगितलं. १९९१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आदिवासी ७३ लाखांच्या वर आहेत, म्हणजे शंभरात नऊ. म्हणून वाटा ९ टक्के. १९९३-९४ पासून सरकारनं ही पद्धत धरली.

हे लक्षात ठेवा. कोणी आमदार किंवा साहेब येऊन म्हणाला की आम्ही तुम्हाला दिलं, तर सांगा, दिलं नाही. डोकी मोजून वाटा पडला आहे. आपली डोकी मोजली गेली म्हणूनच तो पैसा तिथं आहे. ज्याच्या डोक्यावर पैसा काढला त्याला हिशोब विचारायचा हक्क नाही, असं कोणत्या गावच्या न्यायात बसते?

रुपयाचे चार वाटे

आता हा पैसा खाली आल्यावर त्याचे ढोबळ चार वाटे होतात. एक वाटा पगार, भत्ते, जीप, डिझेल, कचेरी यांचा. दुसरा रस्ते, पूल आणि इमारती यांचा. तिसरा आश्रमशाळा आणि वसतिगृहांचा. चौथा माणसाला हातात मिळणाऱ्या योजनांचा, जसं पंप, बैल, शेळ्या, मशीन.

आम्ही असं म्हणत नाही की पगार देऊ नका. माणूस काम करेल तर पगार घेईल. रस्ता नको असंही आम्ही म्हणत नाही. पण कोणत्या वाट्यात किती जाते हे गावाला सांगा. रोजगार हमीत निम्म्याहून जास्त पैसा मजुरीवर गेला पाहिजे असा दंडक आहे. मजुराला तो माहीत असतो, म्हणून तो भांडू शकतो. प्रकल्पाच्या पैशात मजुरासारखं बोट दाखवायला जागाच ठेवलेली नाही.

रस्त्याचंच बघा. जंगलातून रस्ता झाला की तो आदिवासी विकासात मोजता येते. त्या रस्त्यानं बल्लारपूरच्या कागद कारखान्याचा बांबू जातो, लाकडाचा ट्रक जातो, तेंदूच्या ठेकेदाराची गाडी जाते. आपणही जातो, बहुतेक वेळा पायी. मग त्या रस्त्याचा सगळा खर्च आपल्याच नावावर का? कारखान्याच्या नावावर थोडा का नाही? असा प्रश्न विचारला की साहेब हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही.

सातबारा नाही तर योजना नाही

चौथा वाटा सर्वात लहान, आणि त्याचीच जाहिरात सर्वात मोठी. पंपाची योजना घ्या. आदिवासी शेतकऱ्याला शंभर टक्के अनुदानावर पंप मिळतो. ऐकायला चांगलं आहे. पण अर्जासोबत सातबारा लागतो. आणि सातबारा आपल्यातल्या किती जणांजवळ आहे?

जुनी माणसं सांगतात, हा सगळा मुलूख अहेरी जमीनदारीत होता. १९५१ मध्ये जमीनदारी गेली. जमीनदाराचं जंगल सरकारकडे आलं, आणि त्या जंगलात जे कसत होते, राहत होते, ते आपल्याच शेतात चोर झाले. कागद जमीनदाराचे होते. आपला कागद म्हणजे बांधावरचा मोह, आजोबाची समाधी आणि शेजाऱ्याची साक्ष. पुढं जबरान जोतीची चळवळ झाली. मग १९७८ च्या डिसेंबरात सरकारनं ठराव काढला की ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं नियमित करू. काहींना पट्टे मिळाले, बहुतेकांना नाही, कारण दंडाची पावती किंवा वनखात्याची नोंद दाखवा म्हणाले. ज्याला कधी पकडलंच नाही त्याच्याजवळ पावती कुठून येणार? १९८० मध्ये वनसंवर्धन कायदा आला आणि दार आणखी घट्ट झालं. ठाणे-धुळ्याकडच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मार्च १९९५ मध्ये न्यायालयानं सांगितलं की कागदाशिवायचे दुसरे पुरावेही बघा, चौकशी करा. त्यानंतर तीन वर्षं उलटली तरी आपल्या तालुक्यात ती चौकशी गावात बसून करणारा माणूस दिसला नव्हता.

म्हणून होते काय? महसूलवाले म्हणतात, ही जमीन जंगलाची. जंगलवाले म्हणतात, तू अतिक्रमणदार. प्रकल्पवाले म्हणतात, सातबारा आण. तीन खाती, तीन तोंडं, पण सरकार एकच. एक हात योजना पुढं करतो, दुसरा हात कागद मागे धरून ठेवतो. वर्ष संपलं की अहवालात लिहितात, लाभार्थी पुढे आले नाहीत, किंवा ज्याच्याजवळ आधीच सातबारा, विहीर आणि ओळख आहे त्यालाच पुन्हा मिळते.

आमच्याकडच्या एका बैठकीत एक म्हातारी बाय उभी राहून बोलली, “पंप देतो म्हनते सायब, मंग पानी कोन देईल जी? अन पानी देलं तं जमीन कोनाची म्हनतीन?” तिनं दोन वाक्यांत जे सांगितलं ते दहा अहवालांत नाही. पंपाआधी विहीर पाहिजे, विहिरीआधी पट्टा पाहिजे. म्हणून जमिनीचा प्रश्न वेगळा आणि प्रकल्पाच्या पैशाचा प्रश्न वेगळा, असं आम्ही मानत नाही. पट्टा दिला नाही तर विकासाचा पैसा मार्चमध्ये सडणार, नाहीतर दुसरीकडे वाहणार. कितीही वाढवला तरी.

माणूस कुठं आहे?

आता नोकरांची गोष्ट. गडचिरोली जिल्ह्यात, त्यातही एटापल्ली-भामरागडला बदली म्हणजे शिक्षा, असं साऱ्या महाराष्ट्राच्या कचेऱ्यांत बोललं जाते. चूक केलेल्याला इकडं पाठवतात. मग आलेला माणूस पहिल्या दिवसापासून परत जायची खटपट करतो. तो गेला की त्याची खुर्ची दुसऱ्याकडे ‘चार्ज’ म्हणून जाते. एका साहेबाकडे दोन-दोन कचेऱ्यांचा चार्ज. आपण तीस-चाळीस किलोमीटर चालत येतो, गाडी मिळाली तर गाडीनं, आणि बाबू म्हणतो, “साहेब मीटिंगला गेले, सोमवारी या.” सोमवारी आलं तर साहेब दौऱ्यावर. दौरा कोणत्या गावाला? ते आपल्याला माहीत नाही, आणि कोणत्या गावाला साहेब भेटलाही नाही.

ज्यांची पोस्टिंग गावात आहे त्यांनी मुख्यालयी राहावं अशी अट आहे. राहण्यासाठी घरभाडं मिळते, आदिवासी भागात काम करतात म्हणून वेगळा भत्ता मिळते. १९९८ मध्ये पाचव्या वेतन आयोगाची चर्चा चालू होती. पगार वाढावा, आमचं पोट दुखत नाही. पण भत्ता आमच्या गावात राहण्याचा आणि बिऱ्हाड आलापल्लीला, चंद्रपूरला, हे कसं? गावात राहतो की नाही हे कोण सांगणार? आज ते कचेरीच कचेरीला सांगते. गावाला कोणी विचारत नाही.

हे नुसत्या पैशाचं दुखणं नाही. आश्रमशाळेत आपली सहा-सात वर्षांची पोरं राहतात. रात्री एखादी पोरगी हिवतापानं फणफणली तर तिला उचलून दवाखान्यात नेणारा अधीक्षक तिथं झोपलेला पाहिजे. स्वयंपाकी, कामाठी, चौकीदार यांच्या जागा भरलेल्या पाहिजेत. जागा रिकामी राहिली तर कागदावर पैसा वाचतो. पण तो पैसा त्या पोरीच्या अंगावरून वाचलेला असतो. आणि पोरगी माडिया बोलते, मास्तर मराठी बोलतो. तिचं दुखते कुठं हे त्याला कळायलाच सकाळ होते.

म्हणून आमचं मत आहे की जागा भरा एवढंच म्हणून चालणार नाही. खालच्या जागा, चौकीदार, स्वयंपाकी, कामाठी, अधीक्षक, आणि शिकलेला मिळेल तिथं मास्तरसुद्धा, याच तालुक्यातल्या माडिया-गोंडी बोलणाऱ्या पोरापोरींतून भरा. बारावी झालेली पोरं आता गावोगावी आहेत. ती तेंदूच्या फडीवर मुनशीगिरी करतात. ठेकेदाराचा हिशोब लिहायला ती चालतात, तर शाळेचा का नाही?

रस्ता नाही, भीती आहे, या सबबी

साहेबांजवळ दोन सबबी ठरलेल्या आहेत. पहिली, रस्ता नाही. पावसाळ्यात नाले भरतात हे खरं. पण बाकीचे आठ महिने बांबूचा ट्रक ज्या वाटेनं येतो त्याच वाटेनं प्रकल्पाची जीप येऊ शकते. दुसरी सबब, नक्षलवादी आहेत, भीती वाटते. भीती आम्हालाही वाटते, आणि एका बाजूची नाही, दोन्ही बाजूंची वाटते. तरी आम्ही इथंच राहतो. मोहही वेचतो, पेरतोही. जी भीती आम्हाला बारा महिने आहे ती सांगून दुसऱ्यानं बारा महिन्यांचा पगार न राहता घ्यावा, हे पटत नाही.

आणि हिशोब विचारला की नाव ठेवायची सवय आहे. या जिल्ह्यात टाडा कायद्याखाली किती साध्या माणसांनी तुरुंग पाहिला ते तुम्ही जाणता. तो कायदा मे १९९५ मध्ये संपला. सवय संपली नाही. म्हणून आम्ही इथं स्पष्ट लिहितो. हिशोब मागणं म्हणजे सरकारच्या विरोधात जाणं नाही. सरकारनंच केलेल्या कायद्याप्रमाणं चालणं आहे.

कायदा काय म्हणतो

२४ डिसेंबर १९९६ ला दिल्लीत पंचायतीचा नवा कायदा झाला, पाचव्या अनुसूचीतल्या म्हणजे आपल्यासारख्या भागासाठी. त्याचं चौथं कलम प्रत्येक गावानं वाचून घ्यावं. त्यात आहे की गावपातळीवरची विकासाची योजना हाती घेण्याआधी ग्रामसभेची मंजुरी पाहिजे. लाभार्थी कोण हे ग्रामसभा ठरवेल. पंचायतीनं पैसा खर्च केला तर तो बरोबर खर्च झाला असा दाखला ग्रामसभेकडून घ्यावा लागेल. पुढं असंही आहे की शाळा-दवाखान्यासारख्या संस्था आणि त्यांतले नोकर यांच्यावर, तसंच गावच्या योजना आणि त्यांचा पैसा यांच्यावर, ग्रामसभा आणि पंचायत यांचं नियंत्रण राहील. आणि तिथं नाव घेऊन लिहिलं आहे, आदिवासी उपयोजनेसह.

म्हणजे ज्या पैशाबद्दल आपण बोलतो आहोत तोच. सरपंचाला पाच हजारांच्या नालीसाठी ग्रामसभेचा दाखला लागतो, तर प्रकल्पाला लाखांच्या खर्चासाठी का लागू नये?

महाराष्ट्रानं १९९७ मध्ये आपले कायदे त्याप्रमाणं बदलले असं सांगितलं जाते. पण दिल्लीच्या कायद्यात गाव म्हणजे एक वस्ती, एक टोला, जिथले लोक आपल्या रीतीनं आपला कारभार करतात ते. इकडं कचेरी म्हणते, गाव म्हणजे ग्रामपंचायत. पाच-सात गावांची एक ग्रामपंचायत, मधे दोन नाले. तिथं सही करणारे दहा आणि न आलेले पाचशे. म्हणून पहिली गोष्ट ही की आपण आपल्या टोल्याची सभा आपणच भरवू. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव हेच करते. सगळे बसतात, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलतात, आणि बाहेरचा कोणी आला तर त्यालाही सभेपुढं येऊन बोलावं लागते.

पंधरा पैशांची गोष्ट

राजीव गांधी म्हणाले होते की दिल्लीतून रुपया निघतो आणि गावात पंधरा पैसे पोचतात. तेव्हापासून प्रत्येक भाषणात ही गोष्ट येते. १९९८ च्या लोकसभेच्या निवडणुकीतही ऐकली. आम्हाला आता ती ऐकायची नाही. ती ऐकून माणूस मान हलवतो आणि घरी जातो. पंधरा पोचतात की पाच, हे आमच्या गावापुरतं मोजायचं असेल तर कागद पाहिजे. भाषण नको.

राजस्थानात मजुरांच्या संघटनेनं हेच केलं. मजदूर किसान शक्ती संघटन हे तिचं नाव. १९९४ च्या डिसेंबरापासून त्यांनी गावोगावी जनसुनवाई सुरू केली. पंचायतीचे मस्टर आणि बिलं सगळ्या गावापुढं मोठ्यानं वाचली. कागदावर मजुरी घेतलेली नावं गावात निघेनात, झालेलं दाखवलेलं काम जागेवर दिसेना. १९९६ मध्ये बियावर शहरात ते चाळीस दिवस धरण्याला बसले. मागणी एकच, कागदाची नक्कल द्या. शेवटी सरकारला पंचायतीच्या कागदांच्या नकला देण्याचा हुकूम काढावा लागला. ती माणसंही आपल्यासारखीच, बरीचशी अंगठेबहाद्दर. कागद वाचायला एक पोर पुरते. खरं-खोटं सांगायला सारं गाव असते.

आता काय करायचं

कचेरीनं गावाला अर्जदार बनवलं आहे. एकेक माणूस एकेक अर्ज घेऊन जातो, हात जोडून उभा राहतो. एकट्या अर्जदाराला उद्या या म्हणता येते. गावाला म्हणता येत नाही. म्हणून आमचं सांगणं आहे की यंदा तेंदूची फडी लागण्याआधी प्रत्येक टोल्यानं गोटुलात बसून ठराव करावा, आणि तो प्रकल्प कचेरीत देऊन आवक क्रमांकासह पोच घ्यावी. ठरावात एवढंच विचारा:

१. गेल्या वर्षी आमच्या गावाच्या नावावर प्रकल्पातून किती पैसा खर्च झाला, कोणत्या कामावर, कोणाला दिला?

२. लाभार्थी म्हणून कोणाची नावं लावली? यादी ग्रामसभेत वाचून दाखवा.

३. आमच्या आश्रमशाळेत मंजूर जागा किती, भरलेल्या किती, रिकाम्या किती, आणि कधीपासून?

४. मुख्यालयी राहण्याचा भत्ता कोणाकोणाला मिळतो? ते राहतात की नाही याचा दाखला यापुढं ग्रामसभा देईल.

५. सातबारा नाही म्हणून आमच्या गावचे किती अर्ज नाकारले? त्या कुटुंबांची जमिनीची चौकशी न्यायालयाच्या १९९५ च्या आदेशाप्रमाणं गावात येऊन करा, आणि तोपर्यंत ग्रामसभेचा दाखला सातबाऱ्याच्या जागी धरा.

काही लोक म्हणतील, असं विचारलं तर साहेब रागावेल, मिळते तेही बंद होईल. मिळते काय ते आधी मोजा, मग भ्या. आणि जे नोकर इमानदारीनं गावात राहतात, माडिया शिकले, पोरांना पाठीवर घेऊन नाला ओलांडतात, अशीही माणसं आहेत. त्यांनी आमच्यावर रागावू नये. आज कामचोर आणि कामाचा माणूस यांचा पगार सारखा आणि नावही सारखंच खराब. गावाचा दाखला सुरू झाला तर सर्वात आधी त्यांचंच भलं होईल.

पाच प्रश्न आहेत. उत्तर नाही आलं तर एका महिन्यानं पोच घेऊन पुन्हा जायचं, पण तेव्हा एका गावानं नाही, दहा गावांनी मिळून. पोच सांभाळून ठेवा. ठराव आणि पोचेची नक्कल संघटनेकडे द्या, म्हणजे पुढच्या पत्रकात कोणत्या गावाला उत्तर मिळालं आणि कोणाला नाही, हे आम्ही गावांच्या नावानिशी छापू.

आमचा पैसा, आमचा हिशोब! आमच्या गावात आमचं सरकार!

जोहार!